वय ६१, एकटी, नाशिक. परदेशात राहायला जायचंय: पोर्तुगाल, थायलंड, मलेशिया की मॉरिशस?

इंदिरानगरकर_६१

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची. लग्न केलेलं नाही. सरकारी बँकेत ३६ वर्षं नोकरी झाली. पेठ, दिंडोरी, सिन्नर, मालेगाव असं फिरून शेवटची अकरा वर्षं नाशिकरोडला होते. शाखेत जाताना रोज सिक्युरिटी प्रेसची भिंत लागायची. त्या भिंतीआड देशभरच्या माणसांचे पासपोर्ट छापले जातात आणि माझा स्वतःचा पासपोर्ट मी काढला तो साठी उलटल्यावर! तोवर काढून करायचं काय, असंच होतं. आई नऊ वर्षं स्मृतिभ्रंशाने आजारी होती. शेवटी शेवटी ती मला "बाई, तुमचं घर कुठं?" असं विचारायची. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. मी तिचं सगळं मनापासून केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण आता सकाळी सहाला उठते, गोल्फ क्लबच्या मैदानावर चार फेऱ्या मारते, घरी येऊन चहा करते आणि आठ वाजता दिवस संपल्यासारखा वाटतो. सार्वजनिक वाचनालयात जाते, मैत्रिणी आहेत, कुणी छळत नाही. मला कुणापासून पळायचं नाहीये. मला फक्त एकदा, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा गावात, माझ्या हाताने घर लावून राहायचंय. बँकेत दर तीन वर्षांनी बदली व्हायची तेव्हा नव्या गावातला पहिला आठवडा मला फार आवडायचा. दूधवाला कोण, भाजी कुठे चांगली, संध्याकाळी चालायला कुठे जायचं, हे शोधण्यात जीव रमायचा. तेच पुन्हा करायचंय, जरा लांब जाऊन. भावाला सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "तिकडे पडलीस तर उचलायला कोण?" रागावून म्हणाला असला तरी प्रश्न खराच आहे. म्हणून इथे विचारतेय.

माझी माहिती: पेन्शन ५८,००० रुपये. इंदिरानगरला स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, भाड्याने दिला तर १८,००० येतील. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख आहेत, साध्या एफडीत ४२ लाख. दमा आहे, रोज इनहेलर घ्यावा लागतो, सिंहस्थाच्या कामांची धूळ सुरू झाल्यापासून जास्तच. शाकाहारी आहे, अंडं चालतं. अ‍ॅक्टिव्हा चालवते, गाडी येत नाही. इंग्रजी कामापुरतं चांगलं. परदेश म्हणाल तर सिंगापूर-मलेशियाची सात दिवसांची एक टूर, बस.

चार नावं काढली आहेत: पोर्तुगाल, थायलंडमधलं चिआंग माई, मलेशियातलं पेनांग आणि मॉरिशस. व्हिडिओ पाहून पाहून डोकं भंजाळलंय. त्यातली सगळी माणसं एकतर तिशीतली नाहीतर जोडपी. बाई एकटी, साठीपुढची, रुपयात पेन्शन घेणारी, अशी कुणी दिसलीच नाही. जायच्या आधी फ्लॅट विकून टाकावा का, हेही सांगा.

सातपूर_एमआयडीसी

ताई, राग मानू नका, पण नाशकासारखी हवा, पाणी, माणसं कुठे मिळणार? या वयात लोक परदेशातून इकडे परत येतात. चेंजच हवा असेल तर देवळालीला छोटा बंगला घ्या, नाहीतर कोकणात सहा महिने राहा. परक्या देशात आजारी पडलात तर भावालाच धावावं लागेल, त्याचाही विचार करा.

इंदिरानगरकर_६१

दादा, राग नाही. तुमच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. पण देवळालीला मी गेले तर आठवड्याच्या आत चार ओळखीचे भेटतील आणि चौघेही आईचं विचारतील. भावाचा विचार करते म्हणूनच न सांगता तिकीट काढलेलं नाही.

सिअ‍ॅटलची_आजी

एक सांगून ठेवते, कारण कुणीतरी "अमेरिका का नाही" म्हणणारच. अमेरिकेत निवृत्तांसाठी असा व्हिसाच नाही. कॅनडातही नाही. इंग्लंडमध्ये होता, तो २००८ मध्ये बंद झाला. मी इथे मुलामुळे आहे. मुलाबाळांविना यायचं तर तुम्ही काढलेलीच नावं बरोबर आहेत. स्पेनही निवृत्तांना घेतं, पण महिन्याला २,४०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं. तुमच्या आकड्यांत ते बसणार नाही.

कॉलेजरोड_सीए

ताई, मी पैशांपुरतं बोलतो. व्यवसायाने सीए आहे आणि तुमच्यासारखी दोन-तीन प्रकरणं हाताळली आहेत.

आधी पोर्तुगाल. तिथला डी-७ व्हिसा पेन्शन, भाडं, व्याज अशा बसल्या जागी येणाऱ्या उत्पन्नावर मिळतो. अट तिथल्या किमान वेतनाइतकी. तुमचे ५८ अधिक १८, अधिक बचत योजनेचे ८.२ टक्क्यांनी महिना साडेवीस, म्हणजे ९६,५०० रुपये. शंभराचा युरो धरला तर ९६५ युरो. कागदावर बसलं. पण जरा पुढे बघा. तिथलं किमान वेतन २०२५ ला ८७० होतं, २०२६ ला ९२० झालं, २०२७ ला ९७० ठरलं आहे. दरवर्षी ५० युरोंनी उंबरठा वर सरकतोय. परवाना आधी दोन वर्षांचा असतो, मग नूतनीकरण. दुसरीकडे २०२२ मध्ये जो युरो ८० च्या आसपास मिळत होता तो आता शंभरी ओलांडून गेला. १०५ चा युरो झाला की तुमचे ९६५ चे ९१९ होतात, म्हणजे २०२६ च्या अटीलाच एक युरो कमी. बँक पेन्शनमध्ये महागाई भत्ता वाढतो, मूळ पेन्शन नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

दुसरं, एकदा अनिवासी झालात की इथले नियम बदलतात. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करावं लागतं. त्यावरच्या व्याजावर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, कर कापू नका म्हणून ज्येष्ठ जो १५-एच फॉर्म देतात तो भरून सुटका नाही. रिटर्न भरून परतावा मागायचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी व्यक्तीला नवीन खातं उघडता येत नाही. म्हणजे सध्याच्या खात्याची मुदत संपली की ते साडेवीस हजार बंद, हे आजच हिशेबात धरा. भाड्याचंही तसंच. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने टीडीएस कापून भरायचा असतो आणि त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, काढायचा असतो. १८ हजारांच्या फ्लॅटसाठी हे करायला तयार होणारा भाडेकरू नाशकात शोधावा लागेल. कंपनीने घेतलेला फ्लॅट असेल तर सोपं जातं.

फ्लॅटबद्दल माझं मत: विकायचा असेल तर निवासी असतानाच विका. अनिवासी म्हणून विकला तर घेणारा १ टक्का नाही, १२.५ टक्के आणि वर उपकर कापतो, तोही प्रत्यक्षात बहुतेक वेळा पूर्ण किमतीवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी काढलं तर वाचतं, पण त्याला वेळ लागतो.

आणि मृत्युपत्र. अविवाहित स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली आणि आईवडील नसतील तर मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते, म्हणजे तुमच्या बाबतीत भावाकडे. तेच हवं असेल तरी लिहून ठेवा, नको असेल तर नक्कीच लिहा. जायच्या आधी, इथेच, दोन साक्षीदारांसमोर.

चिआंगमाईत_दोन_हिवाळे

दमा हा शब्द वाचला आणि थांबलेच. चिआंग माई मला प्राणाहून प्रिय आहे. नोव्हेंबर ते जानेवारी तिथे स्वर्ग असतो. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळतात आणि तो धूर डोंगरांच्या वाटीत अडकून बसतो. समोरचा दोई सुथेप डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही. माझे फुप्फुस ठणठणीत, तरी मार्चमध्ये मी मास्क लावून झोपायचे. तुम्ही तिथे कायमचं जाऊ नका. दरवर्षी तीन महिने दुसरीकडे पळायचं असेल तर ते घर कसलं?

बाकी माहितीसाठी: पन्नाशीपुढच्यांचा ओ-ए व्हिसा आहे. ८ लाख बात (थाई चलन) बँकेत किंवा महिना ६५,००० बात उत्पन्न दाखवायचं. शिवाय ३० लाख बातचं आरोग्य विमा कवच लागतं. साठीनंतर, दमा लिहून दिल्यावर, तो विमा काय भावाने मिळतो ते आधी विचारा. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा.

पेनांग मला तुमच्यासाठी जास्त आवडलं असतं. इंग्रजी चालतं, हॉस्पिटलं चांगली, जॉर्ज टाउनच्या लिटल इंडियात इडलीपासून सगळं. पण २०२४ पासून मलेशियाच्या परदेशी रहिवाशांसाठीच्या योजनेत, पेनांगला राहायचं तर, सगळ्यात खालच्या पायरीलाही दीड लाख डॉलर ठेव आणि वर घर विकत घेणं सक्तीचं. ते आपलं काम नाही.

वसुधा_कात्रबोर्न

आज सकाळी हे वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून आता रात्री सविस्तर लिहिते. मी ६८ वर्षांची. नाशकात महात्मानगरला राहायचे, शाळेत भूगोल शिकवायचे. मिस्टर २०१५ ला गेले, मूल नाही. गेली चार वर्षं मॉरिशसमध्ये कात्र बोर्नला एकटी राहते. वयाने मोठी आहे म्हणून "अगं" म्हणते, चालेल ना?

मीही आधी पोर्तुगालच ठरवलं होतं. मैत्रिणीची मुलगी ब्रागाला नोकरी करते, तिच्या ओळखीने एक घर मिळालं. पण सामानसुमान हलवायच्या आधी पर्यटक व्हिसावर ७५ दिवस राहून बघायचं ठरवलं. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, १८० दिवसांत ९० राहता येतं. आणि मुद्दाम डिसेंबर ते फेब्रुवारी निवडले. भूगोलाच्या बाईला एवढं कळतं की गाव बघायचं ते त्याच्या वाईट दिवसांत.

माणसं फार चांगली. रात्री दहाला एकटी चालत घरी यायचे, कुणी वळून बघितलं नाही. जागतिक शांतता निर्देशांकात तो देश पहिल्या दहात असतो, ते मला रस्त्यावर जाणवलं. पण घर! जुनी दगडी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गरम करायची सोय म्हणजे चाकांचा एक तेलाचा हीटर. बाहेर दहा अंश आणि संततधार, आत बारा अंश. पंधरा दिवसांनी कपाट जरा पुढे ओढलं तर मागची भिंत काळी. हात लावला तर बोटांना बुरशी. आपल्या इगतपुरीच्या पावसाळ्यात लोणच्यावर येते ना, तशी. अगं, दमा असताना त्या भिंतीच्या खोलीत झोपायचं? तिकडच्या जुन्या घरांचा हा नेहमीचा आजार आहे. घराचे फोटो दाखवतात त्यात कपाटामागची भिंत नसते.

तरी घरासाठी मी पोर्तुगाल सोडलं नसतं. घर बदलता येतं. मी सोडलं ते एका रात्रीमुळे.

जानेवारीत मला लघवीचा संसर्ग झाला. रात्री ताप १०२ च्या वर. टॅक्सीने हॉस्पिटलला गेले. तिथल्या लोकांनी काही कमी केलं नाही, हे आधी सांगते. डॉक्टर मुलगी पंचविशीची असेल, इंग्रजी उत्तम बोलत होती. इंग्रजी माझंच गेलं. आयुष्यभर वापरलेली भाषा त्या तापात कुठे गेली कोण जाणे. ती विचारत होती, दुखणं कसलं आहे? कुठपर्यंत जातं? माझ्या तोंडात कळ, ठणका, चमक, रग, मुरडा. पोटात कळ येणं वेगळं आणि पोट ढवळणं वेगळं, हे तुला सांगायला नको. मला ओटीपोटात ठुसठुस होती आणि कमरेला रग लागली होती, आणि या दोन्हीसाठी माझ्याकडे एकच शब्द उरला होता, 'पेन'. मग ती जे विचारेल त्याला मी 'येस' म्हणत गेले. छातीत? येस. त्यामुळे ईसीजी झाला, रक्ताच्या नको त्या तपासण्या झाल्या, पहाटे सहापर्यंत त्या बाकावर. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीला तिची नात कानात विचारत होती आणि म्हातारी रडत रडत सांगत होती. शब्द एकही कळला नाही, पण ती नेमकं सांगत होती हे कळत होतं.

सकाळी घरी येऊन झोपले आणि उठल्यावर ठरवलं. देश असा हवा जिथे रात्री तीन वाजता, तापात, मला दुखणं सांगता येईल. मराठीत नाही तर निदान हिंदीत. हिंदीत 'टीस' असते, 'मरोड़' असते, 'जलन' असते. ही भाषा माझ्या तापात टिकते, हे मला माहीत आहे. हवा, खर्च, दृश्य हे सगळं त्यानंतर.

म्हणून मॉरिशस. इथे घरोघरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली बोली, बोलतात, कागदपत्रं इंग्रजीत, पेपर फ्रेंचमध्ये. पण १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून करारावर मजूर आणले, त्यांची पणतवंडं इथे आहेत. भोजपुरी बोलणाऱ्या आजी अजून आहेत, हिंदी शाळेत शिकतात, सिनेमाने तर सगळ्यांना येते. सगळ्यांना नाही म्हणणार, पण माझ्या क्लिनिकमध्ये आजवर एकदाही असं झालं नाही की एक तरी नर्स हिंदी कळणारी निघाली नाही. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्यांचा वेगळा मराठी समाजही आहे. मराठी शाळेत शिकवतात. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पहिल्या वर्षी शेजारी मला वाकवा गावाला घेऊन गेले, तिथे झाकरी नाचत होते. आरती आपलीच, पण उच्चार फ्रेंच वळणाचे. मी कोपऱ्यात उभी राहून पोटभर रडले. मराठी बोलायला मात्र फार कुणी मिळेल असं समजू नकोस. नावं मराठी, सण मराठी, बोलणं क्रिओल.

आता व्यवहाराचं. पन्नाशीपुढच्या निवृत्तांना दहा वर्षांचा राहण्याचा परवाना मिळतो, इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडून. इथे तुझं उत्पन्न किती ते मुख्य नाही, दरवर्षी ठरलेले डॉलर इथल्या बँकेत आणायचे असतात. मी आले तेव्हा ती रक्कम महिना दीड हजार डॉलर होती. आजचा आकडा बोर्डाच्या साइटवर बघ, वाढत असतो. तुझं पेन्शन, भाडं, व्याज मिळून हजार-अकराशे डॉलर होतील. वरची भर एफडीच्या मुदलातून घालावी लागेल, हे उघड्या डोळ्यांनी ठरव. पण ते पैसे इथे तुझ्याच खात्यात राहतात, उरले तर उरले. मी भाड्याला १६,००० मॉरिशस रुपये देते, एक बेडरूम, तळमजला. इथला एक रुपया म्हणजे आपले साधारण दोन. आयात केलेलं सगळं महाग. भाजी बाजारातून घेतली तर परवडते. इथे कोथिंबिरीला कोतोमिली म्हणतात आणि कढीपत्त्याला करीपुले. पहिल्या आठवड्यात मला हे दोन शब्द आले आणि भाजीवालीने एक जुडी फुकट दिली. दुधवाला-भाजीवाला शोधण्यात तुझा जीव रमतो म्हणालीस ना, तो आठवडा तुला इथे मिळेल.

तुला गाडी येत नाही, म्हणून मेट्रोच्या रुळाला धरून राहा. पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत जाते, मधे रोझ हिल, कात्र बोर्न, वाकवा. क्युरपिपला घर घेऊ नकोस. उंचावर आहे, ओल असते, दम्याला वाईट. समुद्रकिनाऱ्याच्या पर्यटकी गावांतही नको, तिथे गाडीशिवाय अडकून पडशील.

वाईट बाजूही सांगते. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळं. १ ते ४ असे इशारे असतात, तिसऱ्याला घरात बसायचं. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. माझ्याकडे वीज नव्हती, दारं दणदण वाजत होती. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची बाई टॉर्च घेऊन खाली आली आणि म्हणाली, "चलो ऊपर." रात्रभर त्यांच्या सोफ्यावर. तुझ्या भावाचा प्रश्न आहे ना, उचलायला कोण? माझ्याकरता ती बाई. पण ती पहिल्या दिवशी नव्हती. मी दोन वर्षं तिच्या दारात डब्यातून काही ना काही नेऊन दिलं, तिच्या सासूला दवाखान्यात सोबत केली, तेव्हा ती आहे.

फ्लॅट विकू नकोस. सीए साहेबांचा हिशेब चुकीचा नाही, पण त्यांच्या हिशेबात परत येणं नाही. पहिल्या दोन वर्षांत परत यावंसं वाटलं तर येता यावं, आणि स्वतःच्या दाराला स्वतःची किल्ली लागावी. मी माझा फ्लॅट ठेवला. भाड्याने दिला, एक खोली कुलूपबंद ठेवून. बँकेचा निवृत्तांचा ग्रुप मेडिक्लेम आहे ना तुझा? त्याचा हप्ता काही झालं तरी चुकवू नकोस. इकडे त्याचा उपयोग शून्य, पण परत आलीस तर या वयात नवी पॉलिसी कोण देणार?

कॉलेजरोड_सीए

वसुधाताई, पटलं. मेडिक्लेमबद्दल मीच लिहायला हवं होतं. फ्लॅट ठेवायचा असेल तर एवढं करा: इंदिरानगरकर ताईंनी कुलमुखत्यारपत्र जायच्या आधी इथेच नोंदवून ठेवावं, भावाच्या नावे किंवा विश्वासातल्या कुणाच्या. भाडेकरार नोंदवायला, सोसायटीच्या सभेला लागतं. परदेशात केलं तर इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावावा लागतो आणि लोक ते हमखास विसरतात. आणि पहिलं वर्ष भारतात १८२ दिवस भरतात का, हा हिशेब कॅलेंडरवर लिहून ठेवा. नुसतं बघायला दोन-तीन महिने गेलात तर यातलं काहीच लागू होत नाही, तुम्ही निवासीच राहता.

इंदिरानगरकर_६१

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण वसुधाताईंचं वाचून मी एक वही काढली आणि आईच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल विचार करत बसले. आईला शब्द सुचेनासे झाले होते. डॉक्टर विचारायचे, दुखतंय का? ती नुसती बघायची. मग मी विचारायचे, "आई, चमकतंय की ठणकतंय?" आणि 'ठणकतंय' म्हटल्यावर ती मान हलवायची. हे मी नऊ वर्षं केलं आणि माझ्यासाठी ते कोण करणार, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. भावाने विचारला तो दुसऱ्या शब्दांत हाच होता.

काल त्याला हा धागा वाचून दाखवला. वसुधाताईंच्या रात्रीचं ऐकून तो उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "फ्लॅट ठेवणार असशील तर जा. मुखत्यारपत्र माझ्या नावाने कर." एवढंच बोलला. मला पुरे आहे.

तर ठरलं ते असं. थायलंड, मलेशिया मनातून काढून टाकले. पोर्तुगाल बघायला जाईन कधीतरी, मे महिन्यात. मॉरिशसला जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे वादळाच्या दिवसांतच, आधी सात आठवडे राहून बघणार. परवान्याचं, पैसे पाठवायचं, सगळं परत आल्यावर. वहीत दम्यासाठीचे शब्द लिहिलेत: धाप, घरघर, छाती भरून येणं, श्वास अर्धाच जाणं, रात्री उबळ येणं. पुढे हिंदी लिहिलं, त्यापुढे इंग्रजी. क्रिओलचा रकाना रिकामा आहे.

वसुधाताई, तुमच्या घराजवळ सात आठवड्यांसाठी एखादी खोली मिळेल का? तळमजला, कोरड्या भिंतीची. आणि नाशकाहून तुमच्यासाठी काय आणू?

वसुधा_कात्रबोर्न

वरच्या मजल्यावरच्या बाईच्या बहिणीची खोली जानेवारीत रिकामी आहे. उद्या जाऊन कपाट पुढे ओढून बघते आणि भिंतीचा फोटो टाकते.

क्रिओलचा रकाना आपण दोघी मिळून भरू. वरच्या मजल्यावरच्या बाईच्या सासूला बसवते, तिला सगळे शब्द येतात. इनहेलर सात आठवड्यांचे नको, दहा आठवड्यांचे आण, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घे आणि ती हँडबॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको. मेन रोडवरून गोडा मसाला, अर्धा किलो. आणि जागा उरली तर चिवडा.